पाकिटावरची सही

“मीटरवाले, मला तर काही दिसत नाही बुवा,” असं म्हणून शिंप्याने भिंग खाली ठेवलं.

“सालाच्या आकड्यात बघा. नऊच्या पोटाला चिकटून दुसरा नऊ आहे.” ह्यांचा आवाज चढला होता.

“एकच नऊ आहे. आणि तोही बिचारा उपाशीपोटी.”

सगळे हसले. हे हसले नाहीत.

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी हे नाणेवेडे जमायचे. इस्त्रीचं टेबल, त्यावर पांढरी चादर, वर लोंबता दिवा. एरवी मी तिकडे पाऊल टाकत नसे. त्या दिवशी मात्र ठेवणीतले कपडे घालून, सुनेला बरोबर घेऊन गेले होते. ह्यांना सापडलेलं नाणं मोठ्या प्रदर्शनाला जायचं होतं ना! ही बातमी मी गल्लीत, दळणाच्या रांगेत आणि सुनेच्या माहेरीसुद्धा पोचवली होती.

आता त्या नाण्यात बघायचं काय, तर टाकसाळीची चूक. ज्या ठशाने नाणी छापतात तो ठसाच बनताना जरा हलला, तर त्याच्यावर अक्षर दोनदा उमटतं आणि त्या ठशाचं प्रत्येक नाणं दुहेरी निघतं. चुकीचं कसलं कौतुक, असं मी म्हणायची. एवढा संसार झाला, माझी एक चूक ह्यांनी कधी अशी भिंगाखाली धरून वाखाणली नाही. पण खरं दुहेरी आणि छापताना नुसतं घसरलेलं, ह्यातला फरक ओळखणं सोपं नाही म्हणे. घसरलेल्या अक्षराच्या कडेला चपटी पायरी असते. ते कवडीमोल. खऱ्यात दोन्ही अक्षरं भरीव, कोपऱ्याला बारीक खाच.

ती खाच ह्यांनी बघावी. नोकरीच तशी केली. लोकांच्या मोऱ्यांशेजारी उकिडवं बसायचं आणि धुळकट काचेआडून पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायचे. निवृत्त झाले तेव्हा हाराऐवजी गुडघेदुखी घेऊन घरी आले, पण चुकीचा आकडा लिहिला असं कोणाच्या तोंडून निघालं नाही. म्हणून मंडळाचा नियमच पडला होता. नाणं कोणाचंही असो, छोट्या कागदी पाकिटात घालून वर ह्यांची सही झाली, की ते दुहेरी. मग पुन्हा कोणी बघायचंही नाही, तो ह्यांचा अपमान.

गेल्या वर्षात तर रविवारागणिक ह्यांना दुहेरी नाणी सापडत होती. मी म्हणायची, हात फळला. त्या दिवशीचं नाणं प्रदर्शनाला जाणार म्हणून तेवढं पाकिटाबाहेर काढून हातोहात फिरवलं होतं.

“प्रदर्शनवाले हसतील हो आपल्याला,” शिंपी हळूच म्हणाला.

मग मला कुठला धीर! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“भाऊजी, सुईत दोरा ओवायला तुम्हाला नात लागते. आणि तुम्ही ह्यांच्या नजरेला नावं ठेवता? परवा माझ्या लेकाच्या पँटीचा एक पाय आखूड शिवलात, तेव्हा नव्हतं का दिसलं?”

शिंपी कसनुसा हसला. सुनेने माझा हात दाबला. तो मी झटकला.

मंडळात दवाखान्यातली एक नर्स होती. बोलायला थोडी, पण डोळे तपासायच्या खोलीत बरीच वर्षं काम केलेली. ती उठली, शिंप्याच्या टाचणगादीतून एक टाचणी उपसली आणि चादरीवर ठेवली.

“काका, डावा डोळा झाका. उजव्याने सांगा, किती टाचण्या आहेत?”

“हा काय पोरखेळ?”

“सांगा तर.”

ह्यांनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि वाकून बघितलं.

“दोन. शेजारी शेजारी.”

ह्यांनी मान वर केली, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मी कधी नाही ती खाली बघत होते. तेव्हा ह्यांनी हात बदलला. उजवा डोळा झाकून डाव्याने त्या टाचणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मोतीबिंदू असेल काका,” नर्स म्हणाली. “त्यात होतं असं. वस्तूची सावली पडते. ऑपरेशन केलं की स्वच्छ.”

“भिंग मी उजव्यालाच लावतो,” हे म्हणाले. जणू कोणी विचारलंच होतं.

मला वाटलं, आता उठतील, काठी घेतील, घरी जाऊ. तोंड लपवायला घरासारखी जागा नाही. पण हे उठले नाहीत.

“गेल्या वर्षातली माझ्या सहीची सगळी पाकिटं काढा,” ते म्हणाले.

“असू द्या हो, मीटरवाले.”

“काढा.”

कोणी खिशातून काढली, कोणी डब्यातून. नर्स एकेक नाणं भिंगाखाली धरायची आणि नाही म्हणून मान हलवायची. हे त्या पाकिटावरची आपली सही खोडायचे. नुसती रेघ नाही. पेन दाबून, कागद फाटेपर्यंत. एखाद्यावर ती म्हणायची, “हे खरं आहे, काका.” तरी सही खोडायचे.

शिंपी आपलं पाकीट देईना. “माझं राहू द्या. मी काही प्रदर्शनाला पाठवत नाही.”

“शिंपी.”

त्याने दिलं. हे नाणं त्याने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, बदल्यात आपल्या वारलेल्या भावाचं चांदीचं नाणं देऊन. आधी शिंपी ते द्यायला तयार नव्हता. ह्यांची सही झाली तेव्हा दिलं. व्यापारी कुठला, कुठे गेला, कोणाला ठाऊक.

नर्सने बघितलं. तिने मान हलवली नाही, पण भिंग हळूच बाजूला ठेवलं.

“घसरलेलंसुद्धा नाही का?” ह्यांनी विचारलं.

“साधं आहे, काका.”

शिंप्याने ते नाणं उचलून खिशात टाकलं, सुट्टे पैसे टाकावेत तसं. “चला, बसच्या तिकिटाला झालं,” तो म्हणाला. ह्यांना हसवायला म्हणाला. आणि मी ज्याला नातीवरून टोमणा मारला होता, तोच माणूस ह्यांची लाज झाकत होता. मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. “भाऊजी,” एवढंच मी म्हणू शकले. एरवी ज्या तोंडाला खीळ नाही, ते नेमकं तेव्हाच बंद पडलं.

“मीच सांगितलं होतं, द्या म्हणून,” हे त्याला म्हणाले.

“देणारा तर मी होतो ना?”

घरी येताना सून दोघांच्या मधून चालत होती. भाजीवालीने हाक मारली, “काय बाई, गेलं का नाणं प्रदर्शनाला?” मी आयुष्यात पहिल्यांदा बहिरी झाले.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता ह्यांना समोरच्या इमारतीवरचं कबुतर दिसतं, आणि माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही. तसं बोलूनही दाखवतात. रविवारी जातात. ह्यांना रस्ता ओलांडून द्यायच्या निमित्ताने मीही जाते आणि शिंप्याच्या बायकोशेजारी तोंड मिटून काजं करत बसते.

परवा नर्सने एक नाणं ह्यांच्यापुढे सरकवलं. “काका, मला खाच वाटतेय. बघता?”

ह्यांनी भिंग लावलं. मी काजं करायची थांबले. ह्यांनी नाणं दिव्याखाली फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि ह्यांच्या ओठांचा कोपरा हलला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तेवढं ओळखते. ह्यांना दिसलं होतं.

नाणं त्यांनी परत तिच्यापुढे ठेवलं.

“तुम्ही बघा,” ते म्हणाले, आणि कोऱ्या कागदाची पाकिटं दुमडायला घेतली.