हात बसला

कात्री चालवून चालवून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे तिकडे काणाडोळा केला. सलून माझं, गिऱ्हाइकं माझी, दुखण्याचे लाड करायला वेळ कुणाला? शेवटी एका बाईंचे केस अर्धे कापलेले असताना कात्रीच हातातून गळून पडली. मग धाकट्या जावेने मला ओढतच फिजिओथेरपिस्टकडे नेलं.

धाकटीला या कामात मीच आणलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला घर खायला उठायचं. आधी केर काढायची, मग डोकी धुवायची, मग मी तिच्या हातात कात्री दिली. सख्ख्या बहिणीला शिकवलं नसतं इतकं जीव तोडून शिकवलं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मनगटाला पट्टा बांधला. सूज उतरली की पुढचं सांगते म्हणाल्या. पुढच्या खेपेला मी तापाने फणफणले होते, म्हणून धाकटीच जाऊन विचारून आली.

"काय म्हणाल्या गं?"

"आराम. पट्टा काढायचा नाही, अंगठा हलवायचा नाही. मी आहे ना ताई, तुम्ही काउंटरवर बसा राणीसारख्या."

मी बसले. कुणी चौकशी केली की धाकटी सांगायची, "ताईंचा हात बसला हो." घसा बसतो तसा. आणि आरशातून तिची कात्री बघत तीच गिऱ्हाइकं म्हणायची, "तुझा मात्र छान बसलाय!" यावर मीही खो खो हसायचे, मूर्खासारखी.

हळूहळू माणसं दारातून थेट तिच्या खुर्चीकडे वळायला लागली. माझ्या खुर्चीवर टॉवेलांची चळत साचली. हात बरा झाला की येतील परत, असं मी स्वतःला समजावत होते.

एका दुपारी फिजिओथेरपिस्ट बाईच केस कापायला आल्या. पट्टा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हा अजून? व्यायाम करताय ना?"

"कसले व्यायाम?"

"तुमच्या जावेला शिकवले की! सूज उतरली की अंगठा रोज हलवायचा, नाहीतर आखडतो. बरं, आता तरी सुरू करा. मनगट धरायला कुणीतरी लागेल, पण जाऊबाईंना सगळं येतं."

मी पट्टा सोडला. अंगठा तळहाताकडे वळवायला गेले, तो वळेचना. धाकटी बाईंच्या गळ्याभोवती कापड बांधत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

बाई गेल्या तशी मी तिला गाठलं.

"का गं? मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

"काहीच नाही," ती जमिनीवरचे केस गोळा करत म्हणाली. "पण तुम्ही बऱ्या झाला असतात तर मी परत डोकीच धुतली असती."

परक्या माणसाने केलं असतं, तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण ही रोज सकाळी माझा पट्टा स्वतः घट्ट करून द्यायची. वर विचारायची, "आता दुखत नाही ना, ताई?"

तिने झाडू ठेवला, स्टूल ओढलं आणि हात पुढे केला. "द्या, मी धरते."

तो हात झिडकारावा असं फार वाटलं. पण कात्री धरायची तर अंगठा वळायला हवा होता. मी मनगट तिच्या हातात दिलं. तिने एकामागून एक सगळे प्रकार करून घेतले. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, किती थांबायचं, यातलं काही तिला आठवावंसुद्धा लागलं नाही.