मयत मालकाने स्वतः कळवावे

मी ‘वेल्ह्याची घोंगडी डॉट इन’ बोलतोय. घोंगडी नव्हे हो, नुसतं नाव. इंटरनेटवरचा पत्ता. मला ऊब नाही, पण माझ्यावरून माणसं घोंगडीपर्यंत पोचतात.

माझा जन्म भोरच्या एका मोबाईलच्या दुकानात झाला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्या धनाजीनं मला स्वतःच्या नावावर नोंदवलं. लोकर त्याच्या मेंढरांची, विणकाम त्याची बायको सोजराबाई यांचं. पुढं नागपूर, बेळगाव, कुठून कुठून गिऱ्हाइकं मला शोधत यायला लागली. एसटीत शेजारी कुणी बसलं की धनाजी स्वतःच्या आधी माझं नाव सांगायचा.

गेल्या श्रावणात छातीत कळ येऊन तो गेला. मेंढरं घरच्यांची झाली, जमिनीला वारस लागले. मीच तेवढा मेलेल्या माणसाचा राहिलो. असेच सहा-सात महिने गेले आणि माझी मुदत संपायला वीस दिवस उरले. तेवढ्यात मालकाचं नाव बदललं नाही, तर कुणीही उपटसुंभ मला घेऊन जाणार होता आणि गिऱ्हाइकं त्याच्या दारात.

धनाजीची मुलगी प्रेरणा हिनं नोंदणी करणाऱ्या कंपनीला फोन लावला.

“मूळ मालकांना द्या,” पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

“ते वारले.”

“अरेरे. मग त्यांना त्यांच्या मेलवरून तसं कळवायला सांगा.”

प्रेरणानं मृत्यूचा दाखला पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं : दाखल्यावर मालकाची सही नाही. पुन्हा पाठवला. आता इंग्रजी भाषांतर हवं होतं. ते जोडलं, तर धनाजीच्या नावात एक ‘ए’ जास्त निघाला. माणूस गेला हे कुणी नाकारत नव्हतं. गेला तो हाच का, एवढीच शंका होती. शेवटी कंपनीला पाझर फुटला. धनाजीच्या जुन्या नंबरवर ओटीपी येईल, तो दहा मिनिटांत भरा म्हणाले.

तो नंबर बंद पडून केव्हाच दुसऱ्याला गेला होता. फोन लावला, तर कामथडीचे गेनू नावाचे शेतकरी बोलले.

“ओटीपी कुणाला सांगू नका, आसं ब्यांकवाले सारखं सांगत्यात. म्या न्हाई सांगणार.” आणि फोन ठेवला.

मुदतीला दोन दिवस उरले, तेव्हा मायलेकी एसटीनं कामथडीला गेल्या. प्रेरणाच्या मोबाईलवर मी उघडाच होतो, म्हणून पुढचं सगळं कानावर पडलं. गेनू वांग्याच्या वावरात खुरपत होते. दाखला, आधार, धनाजीचा फोटो, सगळं त्यांनी उलटून पालटून बघितलं.

“कागदं काय, कुणी बी आणतंय,” म्हणत ते पुन्हा खुरपायला लागले.

सोजराबाई तोवर मागं बांधावर उभ्या होत्या. आता पुढं झाल्या. “दादा, ह्यो नंबर आमच्या मालकांचा व्हता. खरं सांगतीया.”

गेनूंच्या हातातलं खुरपं थांबलं. आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

“सांजच्याला फोन करून ‘जेवला का?’ इचारून ठेवून देत्यात, त्या तुमीच व्हय?”

सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. “सवय सुटंना, दादा. पलीकडं दुसरंच कुणी हाये, ह्ये म्हाईत व्हतं मला.”

“म्हणूनशान तर म्या बी नुसतं ‘व्हय, जेवलो’ म्हणायचो.” त्यांनी धोतराला हात पुसले, मोबाईल काढला. “मागव गं पोरी तुजा नंबर. सांगतो.”

सहा आकडे. एकेकावर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचले.

आता मी सोजराबाईंचा आहे. विणकाम चालू आहे, गिऱ्हाइकं येतायत. वाचकहो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं नाव असेल तर जिवंत आहात तोवर त्याच्यावर घरातलं दुसरं माणूस चढवून ठेवा. गेल्यानंतर तुमच्यावाचून कुणाचं फार अडत नाही, फक्त तुमच्या सहीवाचून अडतं.

परवा कंपनीचा मेल आला : ‘प्रिय धनाजी, नाव बदलल्याबद्दल अभिनंदन! आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल?’

प्रेरणा एक द्यायला निघाली होती. सोजराबाईंनी तिचा हात धरला.

“पाच दे. कामथडीच्या दादांनी किती जीव लावून काम केलं.”

तेव्हापासून कंपनीच्या पानावर पाच स्टार झळकतायत. खाली नाव आहे : धनाजी, समाधानी ग्राहक.