अष्टावधानी

रक्ततपासणीच्या त्या खोलीत दोन सूक्ष्मदर्शक, दोन संगणक आणि एकच नियम होता: नव्या माणसाची मोजणी लागोपाठ तीनदा तिथल्या अनुभवी ताईंच्या मोजणीशी जुळली, की अहवालावर त्याची सही चालायची. त्याची दोनदा जुळली होती. आज तिसरी. चुकली, तर पुन्हा एकपासून.

ताई त्याला 'अष्टावधानी' म्हणत, आणि कौतुकानं नव्हे. त्याच्या पडद्यावर सात खिडक्या उघड्या असत: मोजणी, अहवाल, डॉक्टरांचा ग्रुप, मेल, गाणी, बातम्या आणि कशासाठी उघडली ते विसरलेली एक.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ताई म्हणाल्या.

"ताई, यंत्र एका वेळी दहा कामं करतं. आपणच का मागं राहायचं?"

"नको राहूस. ही स्लाइड घे. माझी सकाळीच मोजून झालीय." त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी खिशात टाकली.

काचेवर रक्ताचा एक थेंब पसरलेला. त्यातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. प्रकार पाच, म्हणून कीबोर्डवरच्या कळाही पाच. न्यूट्रोफिल दिसली की 'न', लिम्फोसाइट दिसली की 'ल'. डोळा भिंगाला, बोटं कळांवर. शंभर भरल्या की संगणक टिंग करतो, मग एंटर दाबायचं.

बोटं छान चालली होती. मध्येच ग्रुपवर काहीतरी वाजलं. त्यानं मान वळवली, क्लिक केलं, वाचलं आणि पुन्हा भिंगात डोकावला. फार तर दोन सेकंद. न, ल, ल, न, ल... टिंग काही होईना. डोळ्यांना पाणी आलं. आवाज बंद असेल म्हणून त्यानं एंटर दाबलं आणि वर पाहिलं.

मोजणी एक्केचाळीसवर थांबली होती. उरलेल्या पेशी डॉक्टरांच्या ग्रुपवर, त्याच्या नावाखाली ओळीनं उभ्या होत्या: 'नललनलललमनलल...'

"ताई, मेलो."

ताई आल्या, पडदा वाचला आणि इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं: 'मजकूर पोचला. ल फार आहेत. स्लाइड कोणाची? बघायला येतेय.'

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. ज्याला तो कचरा समजत होता, त्यात कुणाचं तरी रक्त पेशीमागून पेशी आपलं म्हणणं सांगत होतं. आणि दोन मजले वर बसलेल्या बाईंनी ते वाचलं होतं.

"एक्केचाळीस आणि ही अक्षरं जोडून चालतील?" त्यानं हळूच विचारलं. अक्षरं त्रेसष्ट भरली.

"एकशे चार? आणि तू तिकडं बघत होतास तेव्हा काच हलली नाही कशावरून?"

त्यानं विषय बदलला. "ताई, पाच मोजण्या एकदम डोक्यात कशा राहतात तुमच्या?"

"पाच कुठल्या रे? समोरची कोणती, एवढंच मी बघते. आकडे हा सांभाळतो." त्यांनी संगणकावर टिचकी मारली.

तो थबकला. हे तर तो शिकला होता. "यंत्राचा एकेक गाभा, कोअर म्हणतात तोही, एका क्षणी एकच काम करतो," तो म्हणाला. "एक उचलतो, ठेवतो, दुसरं उचलतो, सेकंदाला शेकडो वेळा. पण ठेवताना कुठं होतो त्याची खूण करून ठेवतो. कधीच चुकत नाही."

"आणि तुझी खूण?"

त्यानं पडद्यावरच्या एक्केचाळीसकडे पाहिलं.

"ही मोजणी झालीच नाही, तर चुकली कशी म्हणू? बस. पहिल्यापासून."

त्यानं एकेक करून सहा खिडक्या मिटल्या. भिंगाखाली गुलाबी मैदान पुढं सरकू लागलं. एक जांभळी पेशी आली, गोल, दाट, कडेला जेमतेम निळसर झालर असलेली. ल. ती गेली, दुसरी आली. एवढ्याशा थेंबात इतकी गर्दी आणि तरी प्रत्येकीला स्वतःचा चेहरा! दोन महिने तो यांच्याकडे बघत होता. आज त्या दिसत होत्या. खोली कुठं गेली, सही कुठं गेली, कळलंच नाही.

टिंग. तो दचकला.

पडद्यावर 'ल' चौपन्न. ताईंनी चिठ्ठी उलगडली: पंचावन्न. एकाचा फरक चालायचा.

डॉक्टरीणबाई आल्या आणि काच सरकवत भिंगात पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "रुग्णाला आजच कळवायला हवं. मोजली कुणी?"

"यानं," ताई म्हणाल्या. "सहीही हाच करील."

त्यानं अहवालाची खिडकी पुन्हा उघडली. ती मात्र लागणारच होती.