बाभळीचा वाटा

केशवरावांचा कोणावरच विश्वास नव्हता आणि याचा त्यांना अभिमान होता. जवाहरनगरच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं त्यांनी गेटवर तपासणीचं काम केलं होतं. डबा उघडा, पिशवी उलटी करा, खिसे दाखवा. एवढ्या वर्षांत फारसं काही सापडलं नाही, पण त्यावरून लोक सरळ असतात असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. लोक हुशार असतात, असा काढला. निवृत्त होऊन ते एकोडीला आपल्या गावी राहायला आले, तेव्हा सामानाबरोबर हा निष्कर्षही आला.

गावात त्यांच्या संशयाला पहिलं काम मिळालं ते त्यांच्याच मुलीकडून. रत्नमालेनं साकोलीला हायवेवर खानावळ टाकली होती. पाटीवर दोनच गोष्टी: भात आणि मासोळीचा रस्सा. खाली बारीक अक्षरांत, संपलं की बंद. ना पनीर, ना चायनीज, ना थाळीचे तीन प्रकार. तरीही दुपारी दोनपर्यंत पातेलं रिकामं व्हायचं. ट्रकवाले आणि कचेरीतले बाबू जागेसाठी ताटकळत उभे राहायचे. धंदा करणं इतकं सोपं असतं होय? कुठंतरी पाणी मुरत होतं.

मासोळी यायची गावच्या तलावातून. धनीराम आणि त्याचे पाच जोडीदार रोज सकाळी जाळी ओढत. त्यांच्याशी केलेलं करारपत्र केशवरावांनी पाहायला मागितलं, तर रत्नमाला हसली.

"कागद नाही जी बाबा. ते सहा जण, त्यायचे सहा वाटे. खानावळीचे दोन. सालाचा भाव ठरला हाये. बस."

"आन बारकी बारकी तुह्या वाट्यात टाकली त?"

"कोणता वाटा कोणाचा, ते पाठमोरा माणूस सांगते. त्याले दिसतच नाही, त बारकी मले कशी देईन?"

हे ऐकून केशवरावांची झोप उडाली. ज्या व्यवस्थेत इतकी कमी कलमं, तिच्यात पळवाटा किती असतील!

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते तलावावर गेले. तलावाच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या, टोकाला एक जाड बुंध्याची बाभूळ होती, तिच्यामागं उभे राहिले. खाली धनीरामनं ओल्या गवतावर मासोळीचे वाटे पाडले. रोहू, कतला, मरळ, वर मूठमूठ झिंगे. त्यांच्यातला म्हातारा नत्थू वाट्यांकडे पाठ करून तलावाकडे तोंड करून उभा राहिला. धनीराम एकेका वाट्याला काठी लावून विचारी, "हा कोणाचा?" नत्थू मागं न बघता एकेक नाव घेई. ज्याचं नाव येई तो आपला वाटा उचले. कुरकूर नाही, वजन नाही.

केशवरावांनी मोजलं. आठ वाटे हवे होते, तिथं नऊ होते. धनीरामनं काठी लावली, "हा कोणाचा?" आणि नत्थू म्हणाला, "बाभळीचा."

केशवराव मनातल्या मनात टाळी वाजवणार होते. सापडला! झाडाच्या नावावर माल काढायचा म्हणजे कमाल झाली. माणसाच्या नावावर काढला तर माणूस विचारतो, झाड काय विचारणार?

अशी त्यांनी आठ दिवस पाळत ठेवली. खिशात वही होती. धनीराम काठी किती वेळा टेकवतो, नत्थू खोकतो कधी, डोकं खाजवतो कधी, सगळं टिपलं. सहाही जणांची नावं पाठ झाली. खोकल्याचा आणि मोठ्या कतल्याचा संबंध काही केल्या जुळेना, पण बाभळीचा वाटा रोज पडत होता. एक दिवसही चुकला नाही. तो उचलतो कोण, हे मात्र दिसलं नाही; कोणी पाहायच्या आत ते घरी परतत.

घरी मात्र संध्याकाळी मासोळीचा वास सुटायचा.

"रोज रोज मासोळी कुठून आणून राहिली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"रत्ना देऊन जाते," सुमनबाई म्हणाल्या.

"काहून? खानावळीत उरते का?"

"तुमाले जेवाचं हाये का चौकशी कराची हाये?"

केशवराव जेवले. मरळ झकास होती. तरी जेवण झाल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: खानावळीत माल उरतो, खप संशयास्पद.

नवव्या दिवशी ते साकोलीला जाऊन करारपत्र टाइप करून आले. अकरा कलमं. सातवं त्यांचं विशेष आवडतं होतं. 'बाभळीच्या नावे काढण्यात येणारा वाटा तात्काळ बंद करून आजवरच्या अपहाराचा लेखी खुलासा करण्यात यावा.'

रत्नमालेनं ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हे धनीरामकाकाले दाखवू नका. बर्फातली मासोळी हायवेवर सारेच विकतात. माह्याकडं लोक ताजीसाठी येतात. काका गेले त खानावळ गेली."

"चोराले सांभाळून धंदा होते का?"

"ते चोर नाहीत."

"बत्तीस वर्षं मी हेच ऐकलं," केशवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा बाभळीमागं हजर. रत्नमालाही स्कूटीवर टोपलं बांधून लवकर आली होती आणि पाळीच्या उतारावर उभी होती. तिनं वडिलांना पाहिलं नव्हतं. वाटे पडले, नत्थूनं पाठ केली. तिसऱ्याच वाट्याला तो म्हणाला, "बाभळीचा."

"थांबा!" केशवराव कागद उंचावत बाहेर आले. "हा बाभळीचा वाटा कोणाच्या घरी जाते? आज साऱ्यायसमोर सांगा!"

नत्थू पाठमोराच होता, पण त्याचे खांदे हलत होते. म्हातारा हसत होता.

"जयभीम, केशवभाऊ," धनीराम सावकाश म्हणाला. "तुमच्याच घरी जाते ना जी."

"माह्या घरी?"

"वाटे पाडताना पाळीवर जो कोणी उभा असन, त्याले रित्या हातानं धाडत नाही आमी. आमच्या बापजाद्यापासून असंच हाये. तुमी रोज झाडामागं. नाव घ्याव त तुमाले लाज वाटन. म्हून नत्थूकाका म्हणे, बाभळीचा म्हणू. तो वाटा रत्नाच्या टोपल्यात टाकतो, बाबाले दे म्हून सांगतो."

केशवरावांना ती झकास मरळ आठवली. आठ दिवस त्यांनी तो अपहार चाटूनपुसून खाल्ला होता.

रत्नमाला पुढं आली. "मले वाटलं, तुमी यायच्यासंग येऊन बसता. गावात तुमाले कोणी भेटलं म्हून मी खूश होती, बाबा."

हे मात्र केशवरावांना फार लागलं. चोरी पकडली गेल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते त्यांनी गेटवर एकदोनदा पाहिलं होतं. आज ते आपलं झालं आहे, हे आरशाशिवाय कळत होतं.

"आन हा कागद कायचा?" धनीरामनं विचारलं. त्यानं ओले हात धोतराला पुसले आणि कागद घेऊन सरळ शेवटच्या पानावर गेला. "सही इथं कराची का?"

"वाचून त पाहा!" केशवराव ओरडलेच.

"रत्नाच्या बाबानं लिवलं, त वाईट थोडीच लिवलं असन. पेन द्या."

पेन केशवरावांच्या खिशातच होता. सही झाली असती तर कलम सातसकट सगळं पक्कं झालं असतं. त्यांनी धनीरामच्या हातातून कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात कोंबला.

"चुकलं माहं," ते म्हणाले. हे दोन शब्द कुठल्याच कलमात नव्हते.

"वाटणी खोटी झाली आता," नत्थू तलावाकडे बघतच ओरडला. "पयल्यापासून करा. माही कंबर दुखून राहिली. दुसरं कोणी उभं राहा."

कोणी पुढं होईना. सगळे केशवरावांकडे बघत होते. ते गेले आणि नत्थूच्या जागी, वाट्यांकडे पाठ करून उभे राहिले.

बत्तीस वर्षांत त्यांनी मालाकडे पाठ केली नव्हती. मान आपोआप वळायला लागली, ती त्यांनी आवरली. मागं गवतात काठी टेकल्याचा आवाज झाला.

"हा कोणाचा?"

"धनीरामचा."

"हा?"

"खानावळीचा."

एकेक नाव ते घेत गेले. वही लागली नाही. शेवटी काठी नवव्या वाट्यावर आली आणि धनीरामनं विचारलं, "आन हा?"

केशवराव थांबले. बाभळीमागं आता कोणी नव्हतं.

"केशवचा," ते मोठ्यानं म्हणाले, आणि मागं वळायच्या आधी त्यांनी डोळे पुसले.