किल्ली फिरेपर्यंत

सासरे कुलूपवाले आणि सून वेबसाइट बनवणारी. एका घरात दोन कारागीर म्हटल्यावर खटके उडायचेच. सुनेने दुकानासाठी साधं पान केलं होतं: नाव, पत्ता, फोन नंबर. सासऱ्यांनी नाक मुरडलं.

"हे काय भुंडं भुंडं! आधी मोठी किल्ली फिरू दे, मग कर्रर्र करत दार उघडू दे, मग माझा फोटो."

"बाबा, दाराबाहेर अडकलेला माणूस घाईत असतो."

"असू दे की! दोन मिनिटं दुकान बघेल."

तिचं काही चाललं नाही. काल पान सुरू झालं, किल्लीसकट, आणि खाली तिचं नाव. आज संध्याकाळी दाताच्या डॉक्टरीणबाई तेच बघून आपल्या दवाखान्याच्या वेबसाइटचं काम हिला द्यायचं का, ते ठरवणार होत्या. तिला काळजी होती, पण डोकं ठिकाणावर होतं.

सकाळी सासरे अर्धी दाढी करून, टॉवेलवरच पेपर उचलायला बाहेर गेले आणि मागे दार लागलं. आपोआप लागणारं ते कुलूप त्यांनीच बसवलेलं, चोराच्या बापालाही न उघडणारं. हत्यारं आत. त्यांनी बेल वाजवली. सुनेने न्हाणीघरातला नळ मोठा सोडला आणि दाराच्या भोकाला डोळा लावला.

शेजारच्या मावशींनी फोन दिला. दुकानात कारागीर होता, पण नंबर? स्वतःच्या दुकानाला कोण फोन करतो! सासऱ्यांनी वेबसाइट उघडली. किल्ली फिरू लागली. सावकाश.

"काय ऐटीत फिरते हो!" मावशी म्हणाल्या.

"नंबर कुठाय?"

"थांबा, दार उघडतंय. अय्या, तुमचा फोटो! यात दाढी पूर्ण केलीय."

वरच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब जिन्यात जमलं. सासऱ्यांनी घाईघाईत बोट फिरवलं, तर पान पुन्हा पहिल्यापासून सुरू. परत किल्ली.

"सूनबाई!" ते दारावर थापा मारत ओरडले. "ती किल्ली काढून टाक! ते दार काढून टाक! माझं थोबाडही काढून टाक! नुसता नंबर ठेव, मोठ्ठा!"

नळ बंद झाला. दार उघडलं. सून लॅपटॉप घेऊनच उभी होती.

"अगंबाई, बाबा! वाऱ्याने लागलं वाटतं दार."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पान आवडलं, काम पक्कं. सासरे मागून मोठ्याने म्हणाले, "साधं ठेवायचं मीच सुचवलं!" सुनेने खुशाल मान डोलावली.

मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण सकाळी वारा कुठं होता गं?"

"होता ना, बाबा. तोही काढून टाकला."