त्रायांकाने टाळलेले शब्द

"थांब, परत म्हणते." त्रायांकाने टॅबवरचं लाल बटण पुन्हा दाबलं. "दुखतंय."

लगेच तिने अभद्र टळावं म्हणून खुर्चीच्या लाकडावर तीनदा टकटक केलं. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, व्यायामाच्या गाद्यांवर, अकरा वर्षांची कालिना आणि तिची आई रोझा बसल्या होत्या. सोमवारी त्रायांकाच्या गळ्यातली गाठ काढायची होती. आवाज राहील ना, असं विचारल्यावर राजधानीतले, स्कोप्येचे डॉक्टर उगाच कागद चाळत बसले होते. आज शुक्रवार होता.

कालिनाला बोलता येत नाही. चित्रावर बोट ठेवलं की तिच्यासाठी टॅब बोलतो. पण तो शाळेत आला तेव्हा त्याला आमची मॅसिडोनियन भाषा येत नव्हती. मग वर्गात तिची मदतनीस असलेल्या त्रायांकाने तीन वर्षं एकेक शब्द स्वतःच्या आवाजात भरला. पाव, न्याहारीचा बुरेक, सूर्य, आजी, घंटा. वाईट शब्द मात्र एकही नाही. अभद्र बोललं की ते घर शोधत येतं, असं आमच्याकडे मानतात. त्रायांका तर आजाराचं नावही घेत नाही, 'ती गोष्ट' म्हणते. लेकराच्या तोंडी दुखणं, रक्त, भीती कशाला घालायची?

मार्चमध्ये कालिनाचा कान ठणकू लागला. दोन दिवस ती 'घंटा, घंटा' दाबत राहिली. शाळेची आठवण येत असेल म्हणून आईने तिला कुरवाळलं. तिसऱ्या दिवशी उशीवर पू आणि रक्त दिसलं. त्या कानाने तिला आता कमीच ऐकू येतं. त्रायांकाला कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"आता काय भरू?" तिने विचारलं.

"'हात लावू नकोस' हे भरा," रोझा म्हणाली.

"अगं, केवढीशी पोर आहे ती."

"सोळाची होईल तेव्हा तुमचा आवाज कुठून आणू, मावशी? मी भरलेले शब्द ती दाबतच नाही. मी कारखान्यात शिवत बसते सहापर्यंत, आणि मला दिवसभर धडकी भरलेली असते."

त्रायांकाने ते शब्द भरले.

"हे काय, शेजारणीकडे साखर मागताय का?" रोझाने टोमणा मारला.

दुसऱ्या खेपेला त्रायांका अशी ओरडली की कालिना दचकली. हसायला हवं होतं, पण कुणाला हसू आलं नाही.

शेवटी राहिलं 'भीती वाटते'. दुसऱ्या शब्दावर त्रायांकाचा आवाज चिरकला.

"परत भरते."

"असू द्या," रोझा हळूच म्हणाली.

कालिना सरकत पुढे आली आणि तिने ते नवं चित्र दाबलं. चिरकलेला आवाज खोलीत उमटला.

"कशाची गं भीती, राणी?" त्रायांकाने विचारलं.

 कालिनाने टॅब त्रायांकाच्या मांडीवर ठेवला, तिचं बोट धरून त्याच चित्रावर नेलं आणि वाट पाहत राहिली.

त्रायांकाने दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा दाबलं.