हुकमचंदशेठचा पहिला घोट

काकासाहेब मास्तरांना दोन खोडी होत्या. एक, घरी आल्याची बियर करायची. आणि दुसरी, कुणी काही विचारलं की पूर्ण उत्तर द्यायचं. पहिली खोड मंठ्याच्या लोकांनी केव्हाच माफ केली होती, कारण बियर फुकट प्यायला मिळायची.

आलं किसायचं, साखरपाण्यात घालायचं, बरणीवर फडकं बांधायचं. चार दिवसांत बरणी आपोआप फसफसू लागते, ही गंमत मास्तरांना इतकी आवडली की घरातली प्रत्येक बरणी त्यांनी त्यात गुंतवली. तयार माल ते जुन्या गोळीसोड्याच्या बाटल्यांत भरत. नाव बियरचं, पण ताजीच पिऊन टाकायची, त्यामुळे चढायचा प्रश्न नव्हता. तरी त्यांची बायको उषाबाई कुरकुरायच्या, "गाव म्हणून राह्यलं, मास्तरनं भट्टी लावली." त्यात एकदा कपाटात बाटली फुटली आणि त्यांची ठेवणीतली साडी भिजली. तेव्हापासून घरात बरण्यांना थारा उरला नाही.

शहाण्णव साली मास्तर निवृत्त झाले. निरोपाला शाळेनं शाल दिली. त्यांनी ती परत करून प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मागून घेतला. आता त्यांना एकच ध्यास होता, ही बियर लोकांनी पैसे मोजून प्यावी. फुकट पिणारा माणूस 'एकदम झकास' असंच म्हणतो. खरं कोण सांगणार? मास्तरांना खरं ऐकायचं होतं.

म्हणून ते बसस्टँडसमोरच्या हुकमचंदशेठच्या हॉटेलात गेले आणि बियर विकायला मागची रिकामी खोली मागितली. या हॉटेलाचा एक रिवाज होता. रोज सकाळी प्रत्येक जिनसेचा पहिला घास शेठ स्वतः खायचे, मगच ती गिऱ्हाईकाला मिळायची.

"खोली देतो मास्तर," शेठ म्हणाले. "पण चाखल्याबिगर मी पाणीबी विकत न्हाई. अन् आम्ही जैन मानसं. आलं जमिनीखालचं, ते आम्हाला चालत न्हाई."

"सुंठ चालती?"

"सुंठ बराबर चालती."

मास्तर खुशीत घरी गेले आणि घरात थारा नव्हता म्हणून परसात सुंठेची बियर घातली. आठवडा झाला तरी बरणी ढिम्म. कान लावला, हलवली, उन्हात ठेवली, काही नाही. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फसफस आणणारं जे काही होतं, ते ओल्या आल्याच्या सालीवर असायचं. सुंठ कोरडी ठक्क! आता ते दुसऱ्या कशाच्या सालीवर सापडेल, याचा शोध सुरू झाला. पेरू झाले, बोरं झाली. शेवटी उषाबाईंच्या भावानं मळ्यातून मोसंब्या पाठवल्या, आणि त्यांच्या न धुतलेल्या सालींनी बरणी अशी उठली की फडकं फुगून वर आलं.

दुसऱ्याच सकाळी मास्तर बाटल्या घेऊन हॉटेलात हजर. शेठनी गोळी दाबली. फट्ट! ग्लासात फेस चढला. बाकावरचे लोक जिलबी खायची थांबले. शेठनी ग्लास ओठांपर्यंत नेला आणि मध्येच विचारलं, "मास्तर, हे बुडबुडे कुठून आले? गॅस भरला का?"

दुसरा कुणी असता तर 'हो' म्हणून मोकळा झाला असता. मास्तरांनी सायकलच्या पिशवीतून सूक्ष्मदर्शक काढला. कुणीतरी विचारेल या आशेनं तो त्यांनी आणलाच होता.

शेठनी डोळा लावला. "हे काय हलून राह्यलं?"

"जीव हायेत, शेठजी! साखर खाऊन राह्यलेत अन् श्वास सोडून राह्यलेत. तेच बुडबुडे. अन् हे बघा, ह्याला पिल्लू फुटलं!" नातू दाखवावा तशा कौतुकानं मास्तर सांगत होते.

शेठ खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला, त्यावर बशी झाकली आणि हात जोडले. "माझ्यानं होणार न्हाई, मास्तर."

मास्तरांचा चेहरा उतरला. 'शेठजी, जिलबीच्या आंबलेल्या पिठातपण हेच असतंय,' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलले असते तर उद्यापासून जिलबी बंद. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उत्तर अर्धं ठेवलं आणि बाटल्या आवरू लागले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

"थांबा," शेठ म्हणाले. "गॅस म्हणले असते तर मी पिऊन बसलो असतो. का सांगितलं?"

"तुम्ही विचारलं म्हणून."

शेठ विचारात पडले. "मी चाखतो ते कुणी फसवू नये म्हणून. तुम्ही तर फसवायला तयारच न्हाई. मंग असं करा, मागच्या खोलीला रस्त्याकडून दार हाय. ते उघडा. दुकान तुमचं, गल्ला तुमचा. मला त्यातलं काही नको."

दुकान सुरू झालं, लोक पैसे देऊन प्यायला लागले. पण शेठना चैन पडेना. ते सकाळी त्या दारात यायचे, पहिली बाटली फोडायला लावायचे आणि ग्लास कानाला लावून डोळे मिटायचे. "पिता येत न्हाई, ऐकतो तर खरं." मग मान डोलवायचे. तोवर मास्तरही कुणाला ग्लास द्यायचे नाहीत.

एका सकाळी शेठनी ग्लास बराच वेळ कानाला धरला आणि खाली ठेवला. "आज हे गप हायेत, मास्तर."

मास्तरांनी घोट घेतला. खरंच बेचव झाली होती. त्यांनी सगळा माल मोरीत ओतला, दुकानाला कुलूप लावलं आणि शीळ घालत घरी आले.

"अहो, आज इतक्या जल्दी?" उषाबाईंनी विचारलं.

"उषा," मास्तर आनंदानं म्हणाले, "आपली बियर आज नापास झाली!"